बढतीचा कागद आणि घरात न विचारलेला प्रश्न

पत्र नागपूरच्या एका महिला पोलीस निरीक्षकांचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वय ४७. २००३ साली एमपीएससीतून फौजदार झाल्या, नाशिकच्या अकादमीत ट्रेनिंग झालं. बावीस वर्षांत ठाण्याचा स्वतंत्र चार्ज एकदाच मिळाला, तोही चौदा महिने. बाकी महिला कक्ष, पासपोर्ट, विशेष शाखा, नियंत्रण कक्ष. आता बढतीच्या यादीत नाव आलं आहे. पोस्टिंग मराठवाड्यात, उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणून, म्हणजे उपअधीक्षकाच्या हुद्द्यावर. मुलगी बारावीत आहे, नीटची तयारी करते, मुलगा आठवीत. सासूबाई ७८ वर्षांच्या, खुब्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालतात. पती पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहेत. ते म्हणतात, 'तुझा निर्णय, मी मध्ये पडणार नाही.' बहीण म्हणते, मुलीचं वर्ष वाया घालवू नकोस. सोबतचे अधिकारी म्हणतात, बाई म्हणून मिळालं आहे, घेऊन टाका. त्या विचारतात: 'बढती लेखी नाकारू, की सरळ व्हीआरएस घेऊन मोकळी होऊ? आणि गेलेच, तर मी स्वार्थी ठरेन का?'

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात मुलीची बारावी पहिल्या पानावर सहा ओळींत येते आणि सासूबाई त्याखालच्या तीन ओळींत. उरलेली साडेतीन पानं नोकरीवर आहेत, आणि ती पेन दाबून लिहिलेली आहेत. रात्री दोनला दुसऱ्याच ठाण्यातून फोन येतो: मुलगी आली आहे, महिला अधिकारी हवी. बलात्काराच्या फिर्यादीत महिला अधिकाऱ्यानेच जबाब नोंदवायचा, हे २०१३ पासून कायद्यातच आहे, म्हणून तुम्ही उठता. पहाटेपर्यंत त्या मुलीसमोर बसता. ती रडते तेव्हा थांबता, पाणी देता, पुन्हा लिहिता. सकाळी कागद तिथल्या तपास अधिकाऱ्याच्या हातात देऊन घरी येता आणि डबे भरता. पुढे त्या गुन्ह्याचं काय झालं, ते तुम्हाला पेपरात वाचून कळतं. 'जबाब मी लिहायचा, तपास दुसऱ्यानं करायचा, बावीस वर्षं हेच चाललंय,' या तुमच्या वाक्यावर मी बराच वेळ अडकले होते.

म्हणून आधी हेच बोलते. 'मुलगी की बढती' असं तुम्ही विचारलं आहे. पण पत्रभर जे दाटून आलं आहे ते निराळं आहे. इतकी वर्षं मला बाजूला बसवलं, आता त्यांनी हात पुढे केला की मी लगेच उठून जायचं का? हा राग खरा आहे आणि तो येणारच. 'मॅडम, रात्रीचं तुम्ही राहू द्या, साहेब जातील,' हे वाक्य तुम्ही पंचवीस-सव्वीस वर्षांच्या असताना पहिल्यांदा ऐकलंत, तेव्हा ते काळजीचं वाटलं होतं, असं तुम्हीच लिहिता. त्या काळजीतूनच डीबी (गुन्हे शोध) पथक गेलं, रात्रीची गस्त गेली, आणि नंतर कुणी म्हणालं की मॅडमना फिल्डचा अनुभव कमी आहे. हे वाचून मलाही संताप आला. पण ताई, हा राग मुलीच्या बारावीच्या नावावर लिहू नका. तिनं मागितलेलं नसताना उद्या तिच्या डोक्यावर 'आईनं माझ्यासाठी बढती सोडली' हे ओझं येईल, आणि नीटला मार्क कमी पडले तर ते दुप्पट होईल.

आता तुमच्या या वाक्याकडे येते: 'तारे तीनच राहणार, लाल-निळी फीत तेवढी उतरणार. त्यानं काय फरक पडतो?' निरीक्षकाच्या खांद्यावर ताऱ्यांसोबत असलेली ती फीत उपअधीक्षक झाल्यावर निघते, तिच्याबद्दल तुम्ही बोलता आहात. तुम्हाला हे मी सांगावं का, असा संकोच वाटतो, कारण कायदा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी सांगते, कारण दमलेल्या माणसाला स्वतःचंच ताट दिसत नाही. अॅट्रॉसिटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास नियमाप्रमाणे उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. मकोकाचं, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचंही तसंच. म्हणजे ती फीत उतरते तेव्हा काही तपास कायद्यानंच तुमच्याकडे येतात, कुणी मेहेरबानी करून देत नाही. उपविभागातल्या प्रत्येक ठाण्यातल्या गंभीर गुन्ह्याच्या तपासावर तुमची देखरेख असेल. कुठल्या ठाण्यात रात्री आलेल्या मुलीला बाकड्यावर चार तास बसवून ठेवलं, याचा जाब तुम्हाला विचारता येईल. जबाब लिहून घरी जायचं, हे ज्या खुर्चीत संपतं, त्या खुर्चीचा हा आदेश आहे. तुम्ही पत्रात त्याला 'आणखी एक बदली' म्हटलं आहे. मला तसं वाटत नाही.

आणि 'बाई म्हणून मिळालं' म्हणणाऱ्यांचं ऐकून घेऊ नका. १९९४ च्या महिला धोरणानंतर राज्यात महिलांना ३० टक्के आरक्षण आलं ते भरतीला. ही बढती तुमच्या ज्येष्ठतेवर आणि गोपनीय अहवालांवर आली आहे. ज्या साइड शाखांमध्ये तुम्हाला ठेवलं, तिथेही तुम्ही चांगले शेरे मिळवलेत, तेच आता कामी आले आहेत.

व्हीआरएसबद्दल तुम्ही किरण बेदींचं उदाहरण दिलंय. त्यांना डावललं, त्या बाहेर पडल्या, मग मी का नाही? बरोबर आहे, १९७२ साली त्या देशातल्या पहिल्या महिला आयपीएस झाल्या आणि २००७ साली दिल्लीचं आयुक्तपद त्यांच्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याला मिळाल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण त्या बाहेर पडल्या तेव्हा त्यांना हवं ते पद नाकारलं गेलं होतं. तुमच्या हातात मात्र हवं ते पद आलेलं आहे. दोन्ही दुखणी एक नाहीत. मला तुमच्यासाठी दुसरी माणसं आठवतात. मीरा बोरवणकर १९८१ च्या तुकडीच्या. मुंबईच्या गुन्हे शाखेचं प्रमुखपद एका महिलेकडे पहिल्यांदा गेलं ते त्यांच्याकडे, २००४ साली, म्हणजे नोकरीच्या तेविसाव्या वर्षी. रश्मी शुक्ला १९८८ च्या तुकडीच्या. राज्याला पहिली महिला पोलीस महासंचालक मिळाली ती त्यांच्याच रूपानं, जानेवारी २०२४ मध्ये. पहिल्या महिला आयपीएसपासून मोजलं तर मधे बावन्न वर्षं गेली. त्या आयपीएस, तुम्ही राज्य सेवेतल्या. वाट वेगळी आणि तुमची अधिक चढाची, हे मान्य आहे. पण बाविसाव्या वर्षी खरं काम हाती येणं, हे या खात्यात बायकांच्या बाबतीत उशिराचं असलं तरी संपल्याचं लक्षण नाही. तुम्ही ५८ ला निवृत्त व्हाल. अजून अकरा वर्षं आहेत.

एक मात्र इथेच सांगून टाकते. तुमच्या शाखेतल्या दोन तरुण शिपाई मुली विचारतात, 'मॅडम, तुम्ही जाणार ना?' त्यांच्यासाठी जाऊ नका. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग २०२१ मध्ये आपल्या नागपूर शहरात सुरू झाला आणि २०२२ च्या जानेवारीत तो आदेश राज्यभर आला; तेव्हापासून तुम्ही त्या मुलींना वेळेवर घरी पाठवता आणि त्यांचं उरलेलं काम स्वतः उरकता, असं लिहिलं आहे. एवढं तुम्ही त्यांच्यासाठी करताच आहात. आदर्श होण्याची सक्ती हे बायकांच्या पाठीवरचं आणखी एक गाठोडं आहे, ते उचलू नका. जायचं असेल तर स्वतःसाठी जा.

आता घराकडे वळू.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलंय, 'आई घरात नसेल तर तिचं बिघडेल.' ताई, आत्ता तुम्ही घरात किती असता? गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त, मग गणपती, मग देवी, मग दसऱ्याला दीक्षाभूमी, मग डिसेंबरचं अधिवेशन. तुमच्याच पत्रात आहे की दीक्षाभूमीच्या बंदोबस्तावरून तुम्ही रात्री साडेअकराला आलात, तेव्हा मुलगी स्वयंपाकघराच्या टेबलावर बायोलॉजीचं पुस्तक उघडं ठेवून झोपली होती आणि तुमचं ताट झाकून ठेवलेलं होतं. तुम्ही हे अपराधी मनानं लिहिलं आहे. मला त्यात एक सतरा वर्षांची मुलगी दिसली, जी आईच्या नोकरीची वेळ ओळखून वाढली आहे. तिला काय हवंय, हे पत्रात कुठेच नाही. कदाचित ती म्हणेल, आई, थांब. तसं असेल तर तो शब्द मोठा आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. कदाचित ती म्हणेल, रोज रात्री दहाला व्हिडिओ कॉल कर आणि परीक्षेच्या दोन महिन्यांत घरी ये. तुम्ही तिला विचारलंच नाही. बारा-चौदा महिन्यांनी ती कुठल्यातरी होस्टेलवर असेल, हेही लक्षात घ्या. तेव्हा तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांच्या असाल, महिला कक्षाच्या त्याच टेबलावर.

मुलगा आठवीतला आहे, त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. मुलीच्या परीक्षेच्या गडबडीत हा पोरगा राहून जाऊ देऊ नका. तेरा-चौदाव्या वर्षी मुलं बोलत नाहीत, आणि आई लांब गेली की त्याचा परिणाम आधी त्यांच्यावर दिसतो. त्याच्याशी वेगळं बोला.

पतींबद्दल जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका. 'तुझा निर्णय, मी मध्ये पडणार नाही,' याला तुम्ही पाठिंबा म्हटलं आहे. मला वाटतं, त्यांनी सगळं वजन तुमच्याकडे सरकवलं आहे. मनात खोट असेल असं नाही. चांगल्या नवऱ्यानं असंच बोलायचं असतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असेल. पण पाच माणसांच्या घरातली बदली हा एकट्या बाईचा निर्णय कसा असू शकतो? ते तीन वर्षं चंद्रपूरला होते आणि शनिवारी यायचे, असं तुम्ही लिहिता. तेव्हा मुलगी चौथीत होती, मुलगा नुकता शाळेत जायला लागला होता, आणि तुमची नोकरीही चालूच होती. तेव्हा त्यांना कुणी स्वार्थी म्हटलं नाही, आणि म्हणायला नकोच होतं. तीच मोजपट्टी स्वतःला लावा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळतं.

त्यांच्याकडून 'हो' किंवा 'नाही' मागू नका, काम वाटून मागा. सकाळचा डबा कोण करणार, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला कोण जाणार, सासूबाईंना फिजिओथेरपीला कोण नेणार, महिन्यातल्या कुठल्या दोन शनिवारी ते मुलांना घेऊन तुमच्याकडे येणार. हे कागदावर लिहून काढा. आणि अजून एक: पती-पत्नी एकत्रीकरण हे सरकारी बदलीचं मान्य कारण आहे. ते नेहमी बायकोनं नवऱ्याच्या गावी येण्यासाठीच वापरायचं, असं कुठे लिहिलेलं नाही. मुलीची बारावी झाली की तुमच्या जवळपासची जागा ते मागू शकतात. हा विचार तुमच्या घरात अजून कुणी बोलून दाखवलेला नसेल, म्हणून मी बोलून दाखवते.

आता माझं सांगते. १९९६ साली मी बँकेत होते. बढतीचं पत्र आलं, जागा गोंदियाला. सासूबाईंना दम्याचा त्रास होता, मुलगा दुसरीत. मी दोन ओळींचा नकार लिहून दिला आणि घरी येऊन सांगितलं की बढती यंदा नाही आली. कुणाला वाईट वाटू नये म्हणून. पुढची काही वर्षं मी फार चिडचिडी होते, आणि त्या चिडचिडीचं कारण घरात फक्त मला माहीत होतं. बऱ्याच वर्षांनी एका थंडीत सासूबाई आणि मी गच्चीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. बोलता बोलता मी ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'मले कोणी इचारलंच नाही ना बाई. इचारलं असतं तं म्या म्हटलं असतं, जाय.' मग खूप वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आपल्या आजारपणाचं नाव घेऊन सुनेनं एवढं काही सोडलं, याचं त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते वाईट वाटणं मी त्यांच्यावर लादलं होतं. त्या गेल्या त्याला आता नऊ वर्षं झाली. तो दिवस मला अजून बोचतो. माझा नकार चुकीचाच होता, असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. गोंदिया कदाचित झेपलं नसतं. पण मी परस्पर ठरवलं, आणि त्यांच्या नावावर ठरवलं, हे चुकलं.

आता शरीराबद्दल. बंदोबस्तात पहाटे पाचपासून पाण्याची बाटली उघडत नाही, कारण बाथरूम कुठे असेल ते माहीत नसतं, असं तुम्ही सहज लिहून गेलात. लघवीची जळजळ, पाळी कधी दोन महिन्यांनी तर कधी पंधरा दिवसांनी, रात्री घाम, झोप तुटणं, 'कशातच राम वाटत नाही' हेही त्याच ओघात येतं. ताई, ४७ व्या वर्षी ही सगळी पाळी जाण्याच्या दिवसांची लक्षणं असू शकतात. हिमोग्लोबिन कमी असू शकतं, थायरॉइड असू शकतो. यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपचार आहेत. हिमोग्लोबिन आठवर असताना कुठल्याही बाईला नोकरी सोडावीशीच वाटेल. व्हीआरएसचा अर्ज लिहिण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि रक्त तपासून घ्या. ही माझी विनंती आहे, आणि या पत्रातल्या सगळ्या सल्ल्यांमध्ये ही पहिली धरा. बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या तुमच्या मुलींनाही हेच सांगा. पाणी न पिण्याची सवय पुढे मूत्रपिंडावर येऊ शकते. उपविभागाच्या प्रमुख झालात, तर बंदोबस्ताच्या आराखड्यात फिरत्या शौचालयाची जागा आधी दाखवायची, हे तुमच्या हातात असेल.

कागदपत्रांचं थोडं. लेखी नकार देण्याआधी त्याचे परिणाम आस्थापना शाखेकडून लेखी मागून घ्या. पुढच्या निवडसूच्यांत नावाचं काय होतं, ज्येष्ठता कुठे जाते, आश्वासित प्रगती योजनेच्या (बढती न मिळता ठरावीक वर्षं झाल्यावर वरची वेतनश्रेणी देणारी योजना) लाभावर काय परिणाम होतो, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. 'यंदा नको, पुढच्या वर्षी घेते,' इतकं ते सोपं नसतं, आणि कॅन्टीनमध्ये कुणी काय सांगितलं यावर नकार लिहू नका. रुजू होण्याची मुदत शैक्षणिक सत्र संपेपर्यंत वाढवून मागता येते. मिळेलच असं नाही, पण मुलीच्या बारावीचं शाळेचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करायला काहीच हरकत नाही. तुमच्या हुद्द्यावर नव्या ठिकाणचा साधारण कार्यकाळ महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे दोन वर्षांचा आहे. तुम्ही पत्रात 'आता कायमचीच गेले' असं लिहिलं आहे. दोन वर्षं आणि कायमचं, यात केवढं अंतर आहे ते बघा. महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत पूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने. मुलीच्या वाढदिवसाची तारीख काढून बसा. तिच्या अठराव्याआधी परीक्षेचा काळ येत असेल तर ही रजा आत्ताच आखा, कारण नंतर तिच्यासाठी ती मिळणार नाही. मुलासाठी मात्र अजून वाव आहे. सासूबाईंसाठी दिवसाची मदतनीस बाई ठेवण्याचा खर्च बढतीनंतरच्या पगारवाढीशी ताडून बघा. मनातल्या मनात नको, वहीत लिहून.

आणि सगळं बघून, सगळ्यांशी बोलून, तुम्हाला नकोच वाटलं तर? तर नाकारा, आणि मान वर ठेवून नाकारा. मुलगी म्हणाली थांब, सासूबाईंची तब्येत खरोखर नाजूक निघाली, किंवा तुम्हालाच त्या गावी एकटीनं राहायचं नाही, तर हे पुरेसं कारण आहे. पण मग त्याच आठवड्यात आपल्या वरिष्ठांना भेटून शहरात ठाण्याचा किंवा तपासाचा चार्ज लेखी मागा. बावीस वर्षांत तुम्ही एकदाही लेखी मागितलं नाही, 'काम बघून देतील' असं म्हणत राहिलात, हे तुम्हीच कबूल केलंय. मागितलेलं नाकारलं तर ते निदान कागदावर राहतं. न मागितलेल्याची कुठेच नोंद नसते. व्हीआरएसचा दरवाजा उद्याही उघडा आहे: वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली आहे, तीन महिन्यांची नोटीस द्यायची. २००५ च्या नोव्हेंबरआधी लागल्यामुळे तुम्ही जुन्या पेन्शनमध्ये आहात, आणि पेन्शन शेवटच्या मूळ वेतनावर ठरते. म्हणजे दोन वर्षं उपविभाग सांभाळून मग बाहेर पडलात, तरी तुमचं नुकसान नाही. आज बाहेर पडलात, तर परत येता येणार नाही. जो दरवाजा एकाच बाजूनं उघडतो, त्यातून घाईनं जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

असा बढतीचा कागद एकट्या पोलिसांच्या घरी येत नाही. तहसील कार्यालयातल्या अव्वल कारकून, मेडिकलमधल्या सिस्टर, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, बँकेतल्या मुली, अनेकींची पत्रं माझ्याकडे याच प्रश्नाची येतात. जवळजवळ प्रत्येकीनं नकार आधी मनात लिहिलेला असतो आणि घरी नंतर कळवलेलं असतं. त्यांनाही हेच सांगणं आहे: कागद हातात पडल्यावर दोन दिवस कुणालाच उत्तर देऊ नका, आणि त्या दोन दिवसांत घरातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा.

तुम्ही हे येत्या साप्ताहिक सुटीला करा. मुलीला फुटाळा तलावावर घेऊन जा, घरात नको, घरात ती आजीच्या आणि बाबांच्या तोंडाकडे बघून उत्तर देईल. 'मी जाऊ का?' असं विचारलं तर ती 'जा' म्हणेल, कारण ती शहाणी आहे. त्याऐवजी, 'मी नसले तर तुला कुठल्या वेळी सगळ्यात अवघड जाईल?' असं विचारा, आणि ती सांगेल ते मोबाइलमध्ये लिहून घ्या. मुलाला स्कूटरवर मागे बसवून कुठेतरी चक्कर मारा. समोरासमोर बसवलं तर तो बोलणार नाही. पतींशी रात्री, तो कामवाटपाचा कागद मधे ठेवून बोला. सासूबाईंना दुपारी विचारा, त्यांचे पाय चेपताना, त्यांचा मुलगा घरात नसताना. आणि त्या जे म्हणतील ते पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.